उभा गज

मी बेचाळीस वर्षं बायकांच्या साड्या स्वतःच्या अंगावर लावून दाखवल्या. शेवगावच्या पेठेतल्या एका कापड दुकानात गादीवर बसणारा सेल्समन होतो. दाढी, मिशा आणि खांद्यावर राणी कलरचा पदर, अशा अवतारात मला निम्म्या तालुक्यानं पाहिलंय आणि कुणी कधी हसलं नाही. लग्नाच्या खरेदीला बसलेली बाई हसायच्या मनःस्थितीत नसते. माझं नाव गुलाब शेख. गिऱ्हाइकं गुलाबभाई म्हणायची, अलीकडच्या मुली गुलाबचाचा म्हणतात. नुसतं 'गुलाब' म्हणणारी एकच बाई होती. मी जे लिहितोय ते तिच्यापायी.

शहरातल्या वाचकांसाठी आधी बस्ता म्हणजे काय ते सांगतो. लग्न ठरलं की घरची मंडळी टेम्पो करून दुकानात येतात आणि लग्नाचं सगळं कापड एका बैठकीत घेतात. यालाच बस्ता बांधणं म्हणतात. सकाळी अकराला बसलेले लोक दिवेलागणीला उठतात. मधे दोनदा चहा आणि एक जेवण दुकानाकडून. सेल्समननं शंभर साड्या उलगडायच्या, नव्वद परत घडी करून ठेवायच्या आणि चेहऱ्यावर असं दाखवायचं की आपल्याला दुसरं काही कामच नाही. रमजानात बस्ता आला तर तोंडात पाण्याचा थेंब नसताना हेच करायचं. माझ्या धंद्यातली खरी विद्या घडी घालण्यात आहे. साडी उलगडणं कुणालाही जमतं.

बस्त्यात आधी नवरीचा शालू होतो. त्यात वेळ जातो. मग मानाच्या साड्या, आत्याची, मामीची, करवल्यांची. त्यात भांडणं होतात. सगळ्यात शेवटी देण्याच्या साड्या. लग्नाला आलेल्या बायकांना आहेर म्हणून वाटायच्या त्या. त्यांना वेळही लागत नाही आणि भांडणही नाही. या साड्या गठ्ठ्यानं येतात, गठ्ठ्यानं जातात आणि त्यांच्याबाबत आमच्या गादीवर एक पक्का नियम होता, देण्याच्या साडीची घडी मोडायची नाही. वरून रंग दाखवायचा, भाव सांगायचा आणि सुतळी आवळायची.

कारण ती कुणी नेसतच नाही. जिला मिळते ती पेटीत टाकते आणि पुढच्या लग्नात दुसरीला देते. एकदा नेवाशाच्या एका लग्नातून माझ्या बायकोला, शमीमला, एक साडी मिळाली. मी पिशवी उलटी करून पाहिली तर चिठ्ठीवर माझंच अक्षर. चार वर्षांपूर्वी मीच विकलेली. किती घरचं पाणी पिऊन ती आमच्याकडं आली होती कुणास ठाऊक. आम्हीही तिला फार दिवस ठेवून घेतलं नाही.

आता भागामावशी. पाथर्डी रस्त्यावरच्या एका गावची बाई. कोरडवाहू शेती, नवरा लवकर गेलेला, एक मुलगा. शिक्षण नाही, पण भाव करण्यात तिचा हात धरणारं आमच्या भागात कुणी नव्हतं. तिच्या गावात कुणाचाही बस्ता असो, टेम्पोत पुढं ड्रायव्हरशेजारची जागा मावशीची. सोयरे नंतर बसायचे.

ती बोलायची कमी. साडीचा काठ बोटांत धरून चोळायची, भाव ऐकायची आणि निम्मा सांगायची. आम्ही कपाळाला हात लावायचो. मग ती गुडघ्यावर हात टेकून उठायची, पायरीवर जायची, एक चप्पल पायात घालायची आणि दुसरी घालताना थांबायची. त्या दुसऱ्या चपलेवर आमचा सगळा धंदा टांगलेला असायचा. शेठ म्हणायचे, गुलाब, मावशीला बोलव. मी बोलवायचो. ती चप्पल काढून परत यायची आणि नव्यानं सुरुवात.

यामागचं गुपित आता सांगायला हरकत नाही. शेठही राहिले नाहीत. कापड मोजायची लोखंडी पट्टी असते, तिला आम्ही गज म्हणतो. एरवी गज गादीवर आडवा पडलेला असायचा. मावशीचा टेम्पो दारात दिसला की शेठ तो उचलून गल्ल्याला टेकवून उभा करायचे. गज उभा दिसला की सगळ्या सेल्समननी समजायचं, आज भाव चढवून सांगायचे. मावशी घासाघीस करून ते जिथं आणून ठेवायची, तिथंच ते मुळात असायचे. तिच्या गावचे लोक खूश होऊन जायचे, आम्हीही खूश. टेम्पो वळला की शेठ गज आडवा करायचे आणि आम्ही पोट धरून हसायचो.

तिच्या एका सवयीचा मात्र मला राग होता. भाव तुटला, हिशोब झाला की ती घरच्या कर्त्या पुरुषाला म्हणायची, बघा, इतके वाचवून दिले, आता त्यात अजून एक साडी घ्या. ती साडी ती स्वतः निवडायची, चांगली निवडायची आणि वेगळ्या पिशवीत घालून आपल्या काखेत धरायची. मी समजायचो ही तिची दलाली. तिच्या अंगावर मात्र दरवेळी तेच विटलेलं सुती लुगडं, खांद्यापाशी रफू केलेलं. मला वाटायचं, साड्या नेऊन विकत असणार. हे मी मनातच ठेवलं असतं तर बरं झालं असतं. पण मी ते चारचौघांत, चहाच्या टपरीवरसुद्धा बोललो आहे. त्याची लाज मला आज वाटते.

पुढं दुकान धाकट्या शेठकडं आलं. कॉम्प्युटर आला, साडीवर छापील चिठ्ठी आली, भिंतीवर 'एकच भाव' अशी पाटी लागली. माझी तक्रार नव्हती, घसा वाचला. पण वर्षातून दोनदा दुकानावर 'पन्नास टक्के सूट' असा फलक लागायचा आणि माल कुठून कुठं चढवून मग खाली आणलाय ते मला ठाऊक असायचं. गज उभा करायचं काम आता फलक करत होता, इतकंच. मावशीला मात्र कामच उरलं नाही. गावचे लोक बस्त्याला यायचे आणि टेम्पोत तिची जागा नवरीची धाकटी बहीण घ्यायची, मोबाईलवर भाव ताडून बघायला.

दोन वर्षांपूर्वी मावशी परत आली. सोबत मुलगा दत्तू, सून आणि नात सुवर्णा. बस्ता सुवर्णाचाच होता. रमजान चालू होता, बाहेर डांबर वितळत होतं. चहा आला तेव्हा मावशीनं आपला कप मागं सारला आणि म्हणाली, गुलाबचा उपास हाय, त्याच्यापुढं मी कशाला पिऊ. मी प्या म्हटलं तरी प्यायली नाही.

सुवर्णा औषधांचं शिक्षण पुरं करून शेवगावात एका मेडिकलमध्ये नोकरी करत होती. तिच्या गावात मेडिकल नव्हतं. तापाच्या गोळीसाठीही माणसं गाडीची वाट बघत बसायची. लग्न शेजारच्याच गावात होणार होतं, नवरदेवाची काही आडकाठी नव्हती, आपल्या गावच्या स्टँडजवळचा एक गाळाही बघून ठेवला होता. अडलं होतं काउंटर, फडताळं आणि औषधांच्या फ्रिजवर. तिनं बापाला एकच मागितलं होतं. लग्न करा, जेवण घाला, पण देण्याच्या साड्या घेऊ नका. ते पैसे मला दुकानाला द्या.

दत्तू वाईट माणूस नव्हता. पण त्याला सगळं गाव डोळ्यांपुढं दिसत होतं. आपण तीस वर्षं लोकांच्या लग्नात आहेर घेतला, आता आपली पाळी आली की हात आखडायचा? पोरीच्या मागणीवर तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. शालू झाला, मानाच्या साड्या झाल्या. मी त्याच्या बायकोला साडी दाखवायला लागलो तर ती म्हणाली, मला हायत घरी, ऱ्हाऊ द्या. आणि दत्तू म्हणाला, "गुलाबभाई, देण्याच्या शंभर काढा."

सुवर्णानं मान खाली घातली. ती रडली नाही. पण शालू तिच्या मांडीवर होता, तो तिनं बाजूला ठेवला. नवरीनं शालू असा बाजूला ठेवलेला मी बेचाळीस वर्षांत पाहिला नव्हता.

मावशी म्हणाली, मला पानी दाव. मी तिला मागं माठाकडं घेऊन गेलो. तिथं तिनं पाणी घेतलंच नाही. माझा हात धरला आणि हळू म्हणाली, "गुलाब, गज उभा कर."

मी विचारलं, मावशी, तुम्हाला गजाचं माहीत होतं?

"पयल्या सालापासून. मी आले की गज उभा, गेले की आडवा. माझे डोळे फुटले हुते व्हय?"

मग सगळं आयुष्य लटकं भांडलात कशाला, असं मी विचारलं. ती माठाशेजारच्या स्टुलावर बसली आणि तिनं जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहितो.

"बाप्या माणसाच्या खिशातनं बायकूसाठी पैसा निघत न्हाई रं. लग्नात समद्यांची इचारपूस हुती, नवरीच्या आईला कोन इचारतं? तीबी म्हनती मला हाय घरी. पर 'एवढे वाचले' म्हनलं का त्याच खिशातनं निघतो. वाचल्याला पैसा बाप्याला फुकटचा वाटतो. म्हनून तू चढवायचा, मी पाडायची. दर बस्त्याला एक साडी मी नवरीच्या आईला नेऊन दिली. कुनाला इचार."

मी कुणाला विचारणार होतो? मला त्या काखेतल्या पिशव्या आठवल्या. ती साडी विकते म्हणून मी टपरीवर केलेला विनोदही आठवला. तो मी तिला तिथंच सांगून टाकला आणि माफी मागितली. तिनं ऐकून घेतलं. तोंड हाय, बोलनारच, म्हणाली आणि पुन्हा कामावर आली. "गज उभा कर. ह्या शंभर साड्यांचा भाव चढवून सांग. मी पाडते. वाचल्यालं पोरीच्या फ्रिजला लावते."

मला तिला सांगावं लागलं की आता ते होत नाही. भाव चिठ्ठीवर छापलेला असतो, कॉम्प्युटरच्या बाहेर एक रुपया जात नाही, माझ्या हातात काही राहिलेलं नाही. तिनं माठावरचं झाकण सारखं केलं. मग म्हणाली, "मंग मी कशाला आले?"

या एका वाक्यानं मला उठवलं. त्या उन्हाळ्यानंतर मी काम सोडणारच होतो, तेव्हा माझंही फारसं काही जाणार नव्हतं. एवढं धाडस नोकरीच्या ऐन भरात मी केलं असतं असं मी म्हणणार नाही.

बाहेर येऊन मी देण्याच्या साड्यांचा गठ्ठा काढला, सुतळी कापली, वरची साडी घेतली आणि तिची घडी मोडली. गल्ल्यावरून धाकट्या शेठनी मान वर केली. मी साडी दत्तूपुढं गादीवर पसरली आणि गजानं मोजायला लागलो. साडीला साडेपाच मीटर कापड लागतं. ही पाचलाही पोचली नाही. मग रुमालाचा कोपरा माठाच्या पाण्यात भिजवून मी काठावर घासला. रुमाल जांभळा झाला.

मी म्हणालो, "दत्तूभाऊ, वहिनींना ही नेसवून बघा. निऱ्या यायच्या नाहीत. नेसायची म्हणून ही कुणी विणलेलीच नाही. बेचाळीस वर्षं मी या विकल्या, पण घडी आज पहिल्यांदा मोडली."

दत्तू त्या रुमालाकडं बघत राहिला. मग म्हणाला की हे त्यालाही कळतं, पण गावात हे चलन आहे, रीतच आहे, लोकांनी आपल्याला दिलंय.

तेव्हा मावशी बोलली. आवाज चढवला नाही, भाव करतानाच्या त्याच आवाजात बोलली. "मला बी दिल्यात. पेटी भरून हायत. मी नऊवारी नेसती आन समद्यांनी मला सहावारी दिल्यात, दत्तू. तीस वर्सं. माझ्या अंगावर काय हाय ते एकीनंबी बघितलं न्हाई. त्यांनी चलन पाळलं, मी पेटी पाळली. आता बास. गावाला सांग, म्हातारी आडवी पडली, तिनं देऊ दिल्या न्हाईत."

"आई, लोक तुला हसतील."

"हसू दे. दात त्यांचे हायत."

दत्तूनं पोरीकडं बघितलं. सुवर्णा अजून मान खाली घालूनच बसली होती. त्यानं गठ्ठा दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्याकडं सरकवला. सुवर्णानं शालू परत मांडीवर घेतला तेव्हा मी उगाचच रुमाल पिळत बसलो.

धाकट्या शेठनी नंतर मला बाजूला घेतलं. गुलाबचाचा, तुम्ही यंदा निवृत्त होताय ते बरंय, नाहीतर मलाच दुकान निवृत्त करावं लागलं असतं, असं म्हणाले. रागावलेले होते, पण आपल्या दुकानातली साडी मोजल्यावर कमी भरते हे गिऱ्हाइकासमोर निघालं याचाही राग त्यात होता. त्या साड्या पुरवणारा व्यापारी त्यांनी पुढच्या हंगामापासून बंद केला.

गाव हसलं. सगळंच गोड झालं असं लिहिलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही. मावशीची एक चुलत जाऊ तर वर्षभर बोलत नव्हती. पण सुवर्णाचं मेडिकल स्टँडजवळ उभं राहिलं आणि एका भर पावसात तिनं त्याच जावेच्या नातवाला औषध घरपोच नेऊन दिलं, तेव्हा बोलणं सुरू झालं. पुढच्या उन्हाळ्यात त्या गावचे दोन बस्ते देण्याच्या साड्यांविना झाले असं मला दुकानातल्या पोरांनी सांगितलं. बाकीच्यांचे गठ्ठे अजून बांधले जातात. माझ्या बीपीच्या गोळ्या मी सुवर्णाकडूनच घेतो. एकदा तिला गंमत म्हणून म्हणालो, काही कमी कर की. तिनं मागच्या पाटीकडं बोट दाखवलं. एकच भाव.

माझ्या घरचीही गोष्ट सांगायला हवी, कारण मावशी माठापाशी बोलली ते मलाच लागू होतं. कापड दुकानातल्या माणसाच्या बायकोकडं साड्यांचा ढीग असेल असं लोकांना वाटतं. ढीग होता, पण सगळा डागी माल. कुठं शाईचा ठिपका, कुठं काठ विरलेला. मी तो निम्म्या भावात घरी आणायचो आणि वर ऐकवायचो, बघ, किती वाचवले. कामाच्या शेवटच्या आठवड्यात मी शमीमसाठी एक धडधाकट साडी पूर्ण भावानं घेतली. तिनं ती खाली-वर केली, उलटी केली, उजेडात धरली आणि मला विचारलं, "दाग किधर है इसमें?" बेचाळीस वर्षांच्या नोकरीत इतकं लागलेलं दुसरं काही मला आठवत नाही. डाग नाही म्हटल्यावर ती साडी मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसली होती.

पण त्या दिवसाचा शेवट सांगायचा राहिलाच. बिल झालं, पिशव्या टेम्पोत गेल्या. सुवर्णा मागं थांबली आणि म्हणाली, चाचा, आजीला एक लुगडं दाखवा, माझ्या पगारातून. मावशी नको नको म्हणत होती, तोवर मी वरच्या फळीवरून एक इरकली नऊवारी लुगडं काढलंसुद्धा. वांगी रंगाचं, तांबड्या काठाचं. मावशीनं काठ बोटांत धरला आणि चोळला. इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी चोळला तसाच, पण या वेळी बोटं जरा जास्त वेळ थांबली.

"केवढ्याला?"

मी चिठ्ठी बघून सांगणार, तेवढ्यात ती गुडघ्यावर हात टेकून उठली. मी साडी मोजून गज गादीवरच टाकला होता. तिनं तो उचलला, गल्ल्यापाशी नेला आणि धाकट्या शेठच्या नाकासमोर टेकवून उभा केला.

"आता सांग."

मी चिठ्ठीवरच्या आकड्याच्या दीडपट सांगितला. तिनं निम्मा सांगितला. मी कपाळाला हात लावला, रोज्याच्या तोंडानं सांगतो परवडत नाही म्हणालो. ती पायरीवर गेली, एक चप्पल घातली आणि दुसरीपाशी थांबली. गुलाबचाचा, मावशीला बोलवा, असं धाकटे शेठ कॉम्प्युटरमागून म्हणाले. अगदी त्यांच्या वडिलांच्या आवाजात. उशीर का होतोय म्हणून दत्तू बघायला आला आणि दारातच उभा राहिला. चिठ्ठी मावशीच्या डोळ्यांसमोर लोंबत होती. तिला अक्षर येत नसलं तरी आकडा वाचता यायचा. आम्ही दोघं एकेक पायरी उतरत बरोबर त्या आकड्यावर येऊन थांबलो.

सुवर्णानं पैसे दिले. मावशीनं लुगडं काखेत धरलं आणि दाराकडं वळून म्हणाली, "बघ दत्तू, किती वाचवले. आता त्यात सूनबाईला एक घे."

दत्तूनं उभा गज बघितला होता, चिठ्ठी बघितली होती, एक पैसा वाचलेला नाही हे त्याला स्वच्छ दिसत होतं. टेम्पोपाशी त्याची बायको पिशव्या मोजत उभी होती. त्यानं तिला हाक मारली आणि खिशात हात घातला. मी तोवर फळीवरची सगळ्यात चांगली साडी उलगडून पदर खांद्यावर टाकलेला होता.